मिरजेत पाहिलेलं जयपूर

खोटं बोलायला मी लहानपणी साताऱ्यात शिकले. पण रोज संध्याकाळी ठरल्या वेळी टेबलाशी बसून एकाचं खोटं दुसऱ्याला त्याच्या भाषेत नीट समजावून सांगायचं, हे काम माझ्या वाट्याला जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये आलं, तेही वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्या उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले होते. मी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, नवराही त्याच धंद्यात. आम्ही पहिल्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि खाली आमची घरमालकीण. अडुसष्ट वर्षांची, एकटी, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी शिडीवर चढून छपराची पन्हळ स्वतः साफ करणारी. आई त्यांना ‘खालच्या बाई’ म्हणायची, म्हणून आमच्याकडे त्या बाईच.

आल्यावर दुसऱ्या आठवड्यातच आई बाईंच्या बागेत लाल करवंदांसारखी दिसणारी आंबट फळं खुडायला बसायला लागली. आई मराठीत बोलायची, बाई त्यांच्या गावंढळ बव्हेरियन जर्मनमध्ये. दोघींचं उत्तम चाललं होतं. मी ट्रान्सलेट करायला मध्ये गेले की दोघी गप्प व्हायच्या.

तर एका संध्याकाळी बाई वर आल्या त्या काखेत एक जाडजूड ऑर्डनर घेऊन. जर्मन माणसाने फाइल केली की समजायचं, आता हे प्रकरण तडीस जाणार. नोव्हेंबरमध्ये त्या पेन्शनरांच्या एका ग्रुपबरोबर भारतात निघाल्या होत्या. दिल्ली, आग्रा आणि चार दिवस जयपूर. त्यांना जयपूरबद्दल माझ्याकडून चार गोष्टी हव्या होत्या. मी तोंड उघडलं होतं, माफ करा, मी काही तिकडे गेलेली नाही असं सांगायला. तेवढ्यात सोफ्यावरून बाबा इंग्रजीत म्हणाले, जयपूर ना, आम्ही जाऊन आलोय, सहकुटुंब, आठ दिवस.

चहा माझ्या नाकात गेला. मी आईकडे बघितलं. आई फरसबी मोडत होती. ती मोडत राहिली.

आता हे सांगायलाच हवं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात हेडक्लार्क होते. केंद्राच्या नोकरांना चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही सहकुटुंब जायचं भाडं मिळायचं. त्याला एलटीसी म्हणायचे. आणि ज्यांना फिरण्यापेक्षा पैशाची निकड जास्त, ते घरीच बसायचे आणि कुठल्यातरी ट्रॅव्हलवाल्याकडून गेल्याचे कागद करून आणायचे. ऑफिसात निम्म्या लोकांनी हे केलेलं. बाबांनी आयुष्यात एकदाच केलं, पण असं केलं की काही विचारू नका.

मी पाचवीत होते. आईला जयपूरचं भारी वेड. कुठल्याशा कॅलेंडरवर हवा महालाचं चित्र होतं, ते वर्ष संपल्यावरही तिने काढलं नव्हतं. त्या मे महिन्यात तिने नवीन ब्लाउज शिवला, लाडू केले, उन्हासाठी म्हणून माझ्या दोन फ्रॉकना कॉलर लावून घेतली. आम्ही तिघं एसटी स्टँडवर गेलो. जयपूरला जायचं म्हणजे आधी पुण्याला जायचं. पुण्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. बाबा बॅग घेऊन तिच्यासमोरून सरळ पुढे गेले आणि सांगली-मिरज गाडीपाशी थांबले. आईने आधी गाडीवरची पाटी वाचली, मग बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, घरी बोलू. आई गाडीत चढली. मला एवढंच आठवतं की मिरज येईपर्यंत तिने लाडवांचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.

मिरजेत मावशीचं रेल्वे क्वार्टर होतं. त्यात आम्ही आठ दिवस कोंडून घेतलं. बाबांच्या ऑफिसातल्या कुणाची तरी सासुरवाडी मिरजेची, म्हणून दारात उभं राहायचं नाही, खिडकीशी बसायचं नाही. बाबांनी जयपूरचं एक मार्गदर्शक पुस्तक आणलं होतं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास ते आम्हाला वाचून दाखवायचे आणि मग परीक्षा. हवा महालाला खिडक्या किती? नऊशे त्रेपन्न. जंतरमंतरात सगळ्यात मोठं यंत्र कुठलं? सावलीचं घड्याळ. राजाने गंगाजल विलायतेला कशातून नेलं? चांदीच्या रांजणातून. शेवटच्या दिवशी तर भर दुपारी आम्हाला मागच्या अंगणात तासभर उन्हात उभं केलं, रंग रापलेला दिसला पाहिजे म्हणून. मिरजेच्या बाजारातून मावशीने लाखेच्या बांगड्या आणल्या आणि साताऱ्यात परतल्यावर आईने त्या जयपूरच्या म्हणून गल्लीभर वाटल्या. शाळेत मी वर्गासमोर उभी राहून जयपूर सांगितलं ते इतकं फर्मास सांगितलं की वर्गाच्या बाईंनी शाळेच्या हस्तलिखितात लेख लिहायला लावला.

पुढे आमच्या घरात फ्रिज आला. आणि जयपूर कायमचं पाहून झालं. नातेवाइकांत विषय निघाला की बाबा हातवारे करून सांगायचे. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं असावं, कारण घरात आम्ही तिघंच असतानासुद्धा ते कधी म्हणाले नाहीत की आपण गेलो नव्हतो. आईही म्हणाली नाही. आणि मीही, कबूल करते.

तर हे सव्वीस वर्षं जुनं जयपूर बाबांनी इंगोलश्टाटमध्ये बाहेर काढलं. बाईंनी लगेच कॅलेंडर उघडलं. मी साडेपाचला ऑफिसातून येते हे त्यांना ठाऊक होतं, तर पावणेसहा ठीक का, त्यांनी विचारलं. गेनाऊ, म्हणजे बरोब्बर पावणेसहा. रोज. बाबांचं इंग्रजी खात्यातलं होतं, ‘सदरहू किल्ला’ थाटाचं, आणि बाईंचं इंग्रजी शाळेनंतर संपलेलं. म्हणजे मध्ये मी. दिवसभर ऑफिसात सप्लायरचं खोटं ऐकायचं आणि संध्याकाळी घरी येऊन वडिलांचं खोटं ट्रान्सलेट करायचं. नवरा हुशार. पावणेसहाला त्याला न चुकता काहीतरी खरेदी आठवायची.

बाबा खुलून गेले होते. निवृत्त झाल्यापासून इतकं लक्ष देऊन त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. आमेरचा किल्ला कुणी बांधला, पुढच्या राजांनी काय वाढवलं, शीशमहालात एक मेणबत्ती लावली की कसा लखलखाट होतो, सगळं पाठ. बाई लिहून घ्यायच्या, रंगीत चिठ्ठ्या लावायच्या, आणि मग त्यांचे प्रश्न. आल्झो, म्हणजे तर मग, किल्ल्याला पायऱ्या किती आहेत? कठडा आहे का? बस कुठपर्यंत जाते? मध्ये बसायला सावली आहे? टॉयलेट आत की बाहेर? बाबा म्हणायचे, तिला सांग, तो किल्ला संगमरवर आणि लाल दगडाचा आहे. मी म्हणायचे, बाबा, त्या टॉयलेट विचारतायत. बाबा म्हणायचे, राजांच्या काळात सोय उत्तम असणार. मी तोंड वाकडं करून जर्मनमध्ये सांगायचे, सोय उत्तम आहे. हवा महालाचं वर्णन करताना तर समोरच्या भव्य दरवाजातून आपण आत शिरतो तिथपासून त्यांनी सुरुवात केली. मी तो दरवाजाही जर्मनमध्ये भव्य करून दिला. काय करणार.

रोज रात्री जेवताना मी बाबांना सांगायचे, पुरे झालं, उद्या म्हणा की आता आठवत नाही. बाबा म्हणायचे, सगळं आठवतंय मला, तुलाच आठवत नाही. आईकडे बघावं तर ती आमटी वाढत असायची. आईच्या या शांतपणाचा मला बाबांच्या बडबडीपेक्षा जास्त संताप यायचा.

तिसऱ्या आठवड्यात बाई आल्या त्या पंधरा मिनिटं लवकर, म्हणजे काहीतरी मोठं घडलं होतं. ज्या मैत्रिणीबरोबर त्या खोली घेणार होत्या, तिचं कंबरेचं हाड मोडलं होतं. सहलवाल्यांनी सांगितलं होतं, तिच्या जागेचे पैसे भरलेले आहेत, शुक्रवारपर्यंत दुसरं नाव दिलंत तर चालेल. बाईंनी सरळ आईकडे बोट केलं. तुम्ही ऑक्टोबरात परत जाताच आहात, नोव्हेंबरात दिल्लीला या, तिथून चार दिवस जयपूर माझ्याबरोबर. मी ते मराठीत सांगितलं.

आईच्या हातात सुरी होती. ती तिने खाली ठेवली. तिचा चेहरा असा झाला की मी तो कधी बघितला नव्हता, आणि मी त्या घरात वाढलेय. काही बोलायला तिने ओठ उघडलेही.

“तिने पाहिलंय एकदा,” बाबा म्हणाले. “आणि तिचे गुडघे दुखतात. थँक्यू सांग तिला.”

आईने सुरी परत उचलली. मी बाबांचं वाक्य ट्रान्सलेट केलं नाही. मी सांगितलं, उद्या कळवतो. बाई म्हणाल्या, शुक्रवार बारापर्यंत, आणि फॉर्म टेबलावर ठेवून गेल्या.

त्या जिना उतरल्याबरोबर मी बाबांवर उखडले. म्हटलं, कमाल आहे तुमची. सव्वीस वर्षांपूर्वी तिला स्टँडवरून फिरवून आणलंत, आता आयतं कुणी नेतंय तर तुम्ही म्हणता पाहिलंय? बाबा उठले आणि त्यांनी आधी खिडकी लावली. इंगोलश्टाटमध्ये. आम्ही मराठीत बोलतोय आणि हा माणूस खिडकी लावतोय. मग आवाज खाली आणून म्हणाले, पेन्शनीचा प्रश्न आहे. मी म्हटलं, कुणाच्या पेन्शनीचा? त्या खालच्या बाईंना तुमच्या खात्याचं नावसुद्धा ठाऊक नाही. बाबा म्हणाले, कागद असतात, कागद कुठे जात नाहीत. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, बाबा, जर्मनीतली एक म्हातारी बाई तुमचा कागद शोधायला दिल्लीच्या ऑफिसात जाणार आहे का? यावर ते म्हणाले, या वयात मला चोर ठरवू नकोस. आणि टीव्ही लावला. जर्मन बातम्या. एक अक्षर कळत नव्हतं, पण अर्धा तास बघत बसले.

मग मी आईला गाठलं. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, तुला जायचंय का नाही? म्हणाली, त्याचा काय संबंध? मी म्हटलं, आई, हो का नाही, एका शब्दात सांग. तिने माझ्या नवऱ्याच्या शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“मी तिथे त्यांच्याबरोबर जायचं आणि त्या विचारणार, आता कुठे वळायचं. मी काय सांगू? मग त्यांना कळेल, हे खोटं बोलले. परक्या बाईसमोर ह्यांना खोटं पाडू का मी?”

मी म्हटलं, पाड की. त्यांनी तुझं जयपूर खाल्लं, तू त्यांची लाज राखत बस. माझा आवाज चढला होता. आई म्हणाली, हळू बोल, ते ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत. तेव्हा तिने घड्यांचा ढीग उचलून कपाटात ठेवला आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली की गुडघे अजून चार दिवसांचं चालणं सोसतील, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही, आणि पुढच्या वर्षी आपल्याला नेणार तरी कोण. तिला सहासष्ट पुरी झाली होती. इतकं सगळं ठरवून, मोजून बसली होती ती, आणि तरी नाही म्हणणार होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी बाहेर आले आणि नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही दोष नसताना.

दोन दिवस घरात कुणी जयपूरचा ज काढला नाही. बाईही आल्या नाहीत, त्यांनी शुक्रवार म्हटलं म्हणजे शुक्रवार. मी त्या दिवशी ऑफिसातून सुट्टी घेतली. सकाळी अकराला बेल वाजली. बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पेनचं टोपण काढलं. ‘जा’ की ‘नाइन’, म्हणजे हो की नाही, एवढंच विचारलं. यांच्याकडे तिसरा पर्याय नसतो.

बाबा घसा खाकरून पुढे सरसावले आणि मला म्हणाले, सांग त्यांना, तिचं एकदा झालेलं आहे, उगाच कशाला त्यांनी जागा फुकट घालवायची. मी त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवलं होतं की हे वाक्य मी जर्मनमध्ये नेणार नाही, मग काय व्हायचं ते होवो. बाई माझ्याकडे बघत होत्या. बाबाही. आणि मी तोंड शिवून बसलेली.

“त्यांना सांग,” आई म्हणाली, “मी जयपूर पाहिलेलं नाही.”

बाबा म्हणाले, अगं. एवढंच म्हणाले.

“मी पाहिलेलं नाही,” आई पुन्हा म्हणाली. “मी मिरजेला होते. सांग.”

मी सांगितलं. मिरजेसकट सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर एलटीसी, रेल्वे क्वार्टर, उन्हात उभं केलेलं, सगळं भडाभडा सांगून टाकलं, आणि बोलताना मला जे काही बरं वाटत होतं ते मी लपवलं नाही. बाबा टेबलक्लॉथकडे बघत होते. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मग ऑर्डनर उघडला आणि एका पानावर बोट ठेवलं. तिथे बाबांच्या भव्य दरवाजापुढे पेन्सिलने बारीक प्रश्नचिन्ह होतं. म्हणाल्या, हवा महालाला समोरून आत जायचं दारच नाही. मागच्या गल्लीतून आत जातात. हे माझ्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे.

मी थक्क झाले, आणि मग भडकले. म्हटलं, म्हणजे तुम्हाला तीन आठवडे माहीत होतं? मग रोज संध्याकाळी येऊन माझा जीव का घेतलात? बाई शांतपणे म्हणाल्या, तुमचे वडील किती आनंदात सांगत होते. आणि तुमच्या आई कॉफीबरोबर ते तळलेलं काहीतरी करायच्या, ते मला आवडायचं. शिवाय ग्रुपला गाइड आहेच, छत्री घेऊन पुढे चालणारा. मला रस्ता दाखवणारं कुणी नकोच आहे. बाकीचे वर चढतील तेव्हा खाली माझ्याजवळ बसायला कुणीतरी पाहिजे.

मी हे आईला सांगितलं. तिने डोक्याने होकार दिला, आणि बाई फॉर्मवर नाव लिहायला लागल्या. पासपोर्टवरचं स्पेलिंग बघायला पासपोर्ट मागितला.

तेवढ्यात बाबा बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी वाटलं टीव्ही सुरू राहिलाय.

“मी तरी कुठे पाहिलंय.”

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाले ते? मी सांगितलं, त्यांनीही पाहिलेलं नाही. बाईंनी फॉर्म उलटून पाहिला, खरंच वाईट वाटून पाहिला, आणि म्हणाल्या की जागा एकच आहे. आई माझ्याकडे बघत होती. मी तेही तिला सांगितलं.

आई उठली. पासपोर्ट आतल्या कपाटात होता. बाबांच्या खुर्चीपाशी ती जरा थांबली.

“तेव्हा सरकार तिघांची तिकिटं देत होतं,” ती म्हणाली. “तेव्हाच न्यायचं होतं.”

आणि पासपोर्ट आणायला आत गेली.